वाघजाईचा खडस

"सोडा बाई, सोडा ती दोरी! आत ओढून न्हील तुमास्नी!"

हौसा काठावरून ओरडत होती. मी मांडीभर पाण्यात उभी होते. पातळाचा काष्टा मारला होता आणि गळाची दोरी, तंगूस, हाताला काचू नये म्हणून पदराचं टोक मुठीभोवती गुंडाळलं होतं. पलीकडे काय लागलंय ते दिसत नव्हतं. ते खोलात निघालं की मी दोरी द्यायची, थांबलं की घ्यायची. लहानपणी जैतापूरच्या खाडीवर आजोबांबरोबर गळ टाकून गरवायला बसायची, तेव्हापासून हातांना एवढं ठाऊक होतं. बाकी सगळं त्या दिवशी नशिबावर होतं.

उन्हं चांगली वर आली तेव्हा कुठे ते दमलं. उथळ पाण्यात येऊन एका कुशीवर कललं आणि मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. पाठ शेवाळलेल्या कातळासारखी, पण कुशीवर उतरताना तो काळा-हिरवा रंग तांब्याचा होत होता आणि तांब्याचा हळूहळू सोन्याचा. खवले जुन्या रुपयाएवढे, प्रत्येकाच्या बुडाशी थोडी सावली. परांवर निळसर झाक. पोटाखाली आमरसात दूध घातल्यावर येतो तसा फिका पिवळा रंग. मी बघतच राहिले, धरायचं भानच राहिलं नाही. शेवटी हौसानंच पाण्यात उडी टाकून त्याला मिठी मारली.

ही सदुसष्ट सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे हे, म्हणजे भालचंद्र शिवलकर, वाघजाईच्या धरणावर ओव्हरसियर होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. कोल्हापूरहून जीपनं तीन तासांवर डोंगरात आमची वसाहत. तिथल्या बायका दिवसभर विणकाम करायच्या, मला विणकाम यायचं नाही. म्हणून हौसा, म्हणजे चौकीदाराची बायको, धुणं घेऊन बॅकवॉटरला निघाली की मी तिच्याबरोबर जायची आणि एका उंबराखाली गळ टाकून बसायची. बोटभर मासे मिळायचे. तिला द्यायची. कुणाला पत्ता नव्हता.

त्या दिवशी मात्र लपवणं शक्यच नव्हतं. मासा आम्ही दोघींनी धुण्याच्या चादरीत घालून आणला, तोवर तो मेला होता आणि मळकट व्हायला लागला होता. आमच्या क्वार्टरच्या ओसरीत अर्धी वसाहत जमली.

हे धरणावरून धावत आले. "तुला लागलं तर नाही ना?" एवढंच विचारलं आणि माशाकडे बघून खाली बसले.

पाठोपाठ खर्डेकरसाहेब आले. ते आमचे कार्यकारी अभियंते. शिकारीचा दांडगा शौक. विलायती गळकाठी घेऊन ते चार वर्षं त्या पाण्यावर रविवारचे रविवार बसले होते, आणि असा खडस, डोंगरातल्या पाण्यातला मोठा मासा, तिथं आहे हे सगळ्यांना सांगत होते. कुणाचा विश्वास नव्हता. ते वाकले, माशाच्या खवल्यांवरून बोट फिरवलं.

"आहे म्हणत होतो की नाही?" ते म्हणाले. मग वर बघून विचारलं, "कुणाला लागला?"

"आमच्या हिला, साहेब," हे म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याच्या पानातली पुरणपोळी दुसऱ्याच्या पानात वाढली गेली की तो बघतो, तसं. क्षणभरच.

"शिवलकर, हा क्लबच्या भिंतीवर हवा. आत्ता जीप काढा. होनकळसेकडे न्या, उशीर झाला तर कातडं हाती लागायचं नाही."

क्लबच्या दिवाणखान्यात एक गव्याचं मुंडकं, दोन सांबरं आणि एक पेंढा भरलेला बिबट्या होता. प्रत्येकाखाली मारणाऱ्या साहेबाच्या नावाची पितळी पाटी. सगळं काम कोल्हापूरच्या बाबूराव होनकळसे यांचं.

मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये ठेवला. साहेबांनी यांना बाजूला घेऊन काही सांगितलं. हे मान हलवत होते. मी चपला घालून जीपमध्ये जाऊन बसले.

"तू कशाला?" यांनी विचारलं.

"गोणपाटावर पाणी कोण मारणार?"

होनकळशांचं दुकान मंगळवार पेठेतल्या एका बोळात होतं. आत डांबराच्या गोळ्यांचा आणि मिठाचा वास. एका कोपऱ्यात डोळे नसलेलं अस्वल उभं होतं, त्याच्या पंजावर कुणीतरी टोपी अडकवली होती. बाबूराव पन्नाशीचे, अंगानं भरलेले, आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांचे वडील दरबारच्या घोड्यांची खोगिरं करायचे. घोडे गेले तशी बाबूरावांनी कातड्याची ती विद्या जनावरांना लावली.

"बघा साहेब," गोणपाट सोडताना ते यांना म्हणाले, "इतकी वर्षं शिकारी बघतोय. स्वतः मारलेला मानूस दोन वाक्यांत सांगतो. दुसऱ्यानं मारलेला असला की दोन तास सांगतो."

हे हसले नाहीत.

मासा फळीवर आला तेव्हा मलाच ओळखू येईना. वाटेत सगळा रंग उतरला होता. राखाडी, डोळे दुधाळलेले, जसा बाजारातला कुठलाही मासा.

"कातडं मस्त हाय," बाबूराव म्हणाले. "सोलतो, कुजू नये म्हनून आतनं टाकणखार लावतो, लाकडाच्या साच्यावर चढवतो. काचेचे डोळे हायत माझ्याकडं. पन रंगाचं काय? माशाचं कातडं वाळलं की कागदागत हुतं. सगळा रंग वरनं द्यावा लागतो. वाघाचा पट्टा कुठं जात न्हाई, माशाचं सगळंच जातं. ह्याला जित्ता कुनी बघितलाय?"

"मी," मी म्हटलं.

"मग वैनी, सक्रांतीच्या आसपास कातडं वाळंल. तवा तुमी या. शेजारी बसून सांगा, मी रंगवतो." मग यांच्याकडे वळून, "आनि पाटीवर नाव काय घालायचं?"

हे अस्वलाकडे बघत होते. "ए. जी. खर्डेकर," ते म्हणाले.

बाबूरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. मग नाव खडूनं फळीवर लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर होता. घरी आल्यावर यांनी हातपाय धुतले, मी पाट मांडला.

"अहो, मासा कुणी धरला?"

"तू."

"मग?"

"साहेब म्हणाले, क्लबात बायकांच्या नावाच्या पाट्या लावायचा रिवाज नाही. त्यांच्या हद्दीतला मासा, त्यांच्या नावावर बरा दिसेल." हे ताटाकडे बघून बोलत होते. "मार्चमध्ये मला कायम करायची शिफारस जायची आहे. ती त्यांच्या हातात. एका पाटीनं काय होतंय, द्वारके?"

"काहीच होत नसेल तर माझं घाला."

ते भात कालवत राहिले. चांगला माणूस होता हो. कुणाला उलट शब्द बोलायचा नाही, भाजीवाल्यानं काटा मारला तरी गप्प राहायचा. माझं त्यांच्यावर प्रेमही होतं. पण त्या दिवसापासून मी कामापुरतंच बोलायला लागले. गळ टाकायला जाणं सोडलं. हौसा विचारायची, मी म्हणायची, बरं नाही.

संक्रांतीच्या आधी बाबूरावांचा निरोप आला. साहेबांना सव्वीस जानेवारीच्या समारंभात मासा लावायचा होता, पाहुणे म्हणून अधीक्षक अभियंते येणार होते. म्हणून त्यांनीच जीप दिली. यांना रजा नव्हती. मला होनकळशांच्या घरी सोडून जीप परत गेली.

बाबूरावांची बायको, तानूबाई, दुकानाच्या मागेच राहायची. मला बघताच म्हणाली, "आलात? बरं झालं. ह्यांनी मासा न्हाई केला, चकचकीत कैची केलीय. बघा जावा."

साच्यावर चढवलेला मासा सुंदर झाला होता. शेपटी जरा वळवलेली, जणू आत्ताच फिरला. पण रंग! बाबूरावांनी थोडा भाग नमुन्यासाठी रंगवून ठेवला होता, वर्खासारखा चकचकीत चंदेरी.

"कसं हाय?"

"बाबूराव, हा मेलेला आहे."

"म्हंजे?"

"चंदेरी तो मेल्यावर झाला. हा आतून चमकायचा. वरून नाही."

त्यांनी खरवडलं, पुन्हा लावलं. मी म्हटलं, तांबडा जास्त झाला. पुन्हा खरवडलं. मग पिवळा जास्त झाला. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी त्यांनी ब्रश ताटलीत टाकला.

"आता तुमीच घ्या! आमास्नी न्हाई कळत तुमचं आतनं आनि वरनं."

तानूबाई दारातून हसली. "द्या की त्यांच्या हातात. बिघडलं तर खरवडायला तुमी हायच."

मी आयुष्यात चित्र म्हणून काही काढलं नव्हतं. पण आमच्या गावी दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी होड्या रंगवतात, आणि मामाच्या होडीच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, नक्षी लग्न होईपर्यंत मीच रंगवायची. ब्रश धरायची भीती नव्हती. मी ब्रश उचलला आणि हात थांबला.

खरं सांगते, तेव्हा मनात आलं, चुकीचाच रंगवावा. सगळा चंदेरी, बाजारातल्या माशासारखा. लावू दे साहेबाला भिंतीवर, घालू दे खाली आपलं नाव. कुणाला कळणार होतं? जिवंत मासा पाहिलेल्या आम्ही दोघीच, मी आणि हौसा.

तानूबाईनं चहा आणून ठेवला. मी तो प्याले. माशाकडे बघत बसले. काचेचा डोळा माझ्याकडे बघत होता आणि मला तो उथळ पाण्यात कललेला आठवला. त्याचा काय संबंध होता पाटीशी? मी पाठीपासून सुरुवात केली.

आधी तांबूस रंग अगदी पातळ करून सगळ्या कुशीला दिला. तो वाळला की त्यावर सोनेरी. मग एकेका खवल्याच्या बुडाशी सावली. एक कूस रंगवायला दोन दिवस लागले, सगळा मासा व्हायला आठवड्याच्या वर. बाबूराव पहिल्या दिवशी फुगून अस्वलाचं काम करत बसले. दुसऱ्या दिवशी माझ्यामागे स्टूल टाकून बसले आणि विचारायला लागले, "हितं निळा का?" मी म्हणायची, "होता." मग ते रंग मिसळून द्यायला लागले. ते त्यांना माझ्यापेक्षा फार चांगलं जमायचं. हवा तो तांबडा मी नुसता सांगायची, "भाजलेल्या विटेसारखा, पण ओल्या," की तो ताटलीत तयार. संध्याकाळी तानूबाईबरोबर भाकऱ्या थापताना माझ्या नखांत सोनेरी रंग असायचा. तिनं मला खणाची चोळी शिवून दिली, संक्रांतीचं वाण म्हणून. मी इतके दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते, तिथं हसत होते.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी सकाळी हे जीप घेऊन न्यायला आले. मी आत सामान बांधत होते. बाहेर बाबूरावांचा आवाज यायचा तो येईना, म्हणून डोकावले. हे माशासमोर उभे होते, हातात टोपी.

"असा होता?" यांनी विचारलं.

"असाच."

"मी तर मेलेलाच बघितला." ते जरा जवळ गेले, पण हात लावला नाही. "हे असलं तू ओढून काढलंस? एकटीनं?"

"हौसानं मिठी मारली शेवटी."

ते हसले. इतक्या दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. लाकडाच्या फळीवर पाटी बसवलेली होती, ए. जी. खर्डेकर. ते पाटीकडे बघत राहिले आणि त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. जानेवारीच्या थंडीत.

"बाबूराव, ही पाटी काढता येईल?"

"का वो?"

"दुसरी घालायची आहे. सौ. द्वारका शिवलकर."

बाबूराव माझ्याकडे बघायला लागले. मी यांच्याकडे.

"अहो, मार्चचं काय?" मी म्हटलं.

"मार्चचं मार्चमध्ये बघू."

"साहेब चिडतील."

"चिडतील," हे म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "बाबूराव, करा लवकर. माझा विचार बदलायच्या आत करा."

"आता एवढ्यात नवी पितळ कुठली आनू?" बाबूराव म्हणाले. मग त्यांनी स्क्रू काढले, पाटी हातात घेऊन फिरवली आणि मोठ्यांदा हसले. "ह्याच पाटीला दुसरी बाजू हाय की!"

पितळेवर नावं कोरणारा शेजारच्याच गल्लीत होता. तासाभरात पाटी आली. पुढं माझं नाव, आणि साहेबांचं नाव मागं, लाकडाला टेकून.

दुसऱ्या दिवशी क्लबात झेंडावंदनानंतर सगळे जमले. बायका मागच्या खुर्च्यांवर. गव्याशेजारी मासा लावलेला, त्यावर मखमली कापड. रात्री बसवताना हेच उभे होते, त्यामुळे साहेबांनी काही पाहिलं नव्हतं. अधीक्षक अभियंत्यांनी कापड ओढलं.

आधी "वा!" असा आवाज उठला. लांबून तो खरंच पाण्यात असल्यासारखा दिसत होता. मग पाहुण्यांनी चष्मा लावला, वाकून पाटी वाचली.

"द्वारका शिवलकर. म्हणजे बाईंनी धरला? कुठं आहेत त्या?"

सगळ्या माना मागे वळल्या. मी उठून उभी राहिले. खर्डेकरसाहेब पाटीकडे बघत होते. चेहरा लाल. मग त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीला टेकून उभे होते, पण त्यांनी नजर खाली घातली नाही. कधी नव्हे ते.

"हो," साहेब शेवटी म्हणाले. "शिवलकरांच्या मिसेस. माझ्या नाकासमोरून नेला त्यांनी." आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांनी वाजवल्या. मागच्या खुर्च्यांवर तर थांबेचनात.

माणूस वाईट नव्हता. पण साहेब होता. मार्चची शिफारस गेली नाही. महिनाभरातच यांची बदली निघाली, कोल्हापूरच्या भांडारात. धरणावरच्या माणसाला भांडारात टाकणं म्हणजे शिक्षाच. क्वार्टर नाही, जीप नाही, दिवसभर सिमेंटची पोती आणि लोखंडी सळ्या मोजायच्या. बदलीचं सांगताना यांचा चेहरा उतरला होता.

"तुला वाईट वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

मी ट्रंक ओढून काढली आणि भांडी भरायला लागले. मला हसू आवरत नव्हतं. "कोल्हापूरच म्हणालात ना? नक्की?"

मंगळवार पेठेतच आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. सामान लावून झाल्यावर मी सरळ होनकळशांच्या बोळात गेले. तोवर क्लबात आलेल्या पाहुण्यांनी चार ठिकाणी सांगितलं होतं. कुणी रत्नागिरीहून माशांचे नमुने करून मागितले होते, मुलांना शिकवायला. बाबूरावांनी आठ मासे साच्यांवर चढवून ठेवले होते आणि एकालाही रंग लावला नव्हता.

"कुठं हुता इतके दिवस?" ते म्हणाले, जणू मी शेजारून यायला उशीर केला होता.

पुढं शिकारबंदीचा कायदा आला. कातड्याच्या कामाची दुकानं बंद पडली, बाबूरावांचं पडलं नाही. आम्ही मासे करत राहिलो. पापलेट, सुरमई, जिताडा, मरळ. शाळांना, संग्रहालयांना. नंतर नंतर खऱ्या कातड्याचीही गरज उरली नाही, साच्यावर नुसता रंग. बाबूराव गेल्यावर दुकान तानूबाईनं आणि मी चालवलं. हे दोन वर्षं उशिरा कायम झाले आणि भांडारातूनच निवृत्त झाले. घरी येताना दुकानात डोकवायचे, स्टुलावर बसून माझं काम बघायचे.

पण मला सगळ्यात आधी आठवतो तो कोल्हापुरातला पहिला रविवार. सकाळी यांनी अचानक विचारलं, "पंचगंगेत मासे असतात?"

"असतात की."

"मला शिकवशील?"

घाटापासून जरा वरच्या अंगाला, एका बाभळीखाली आम्ही बसलो. मी गळाला पिठाची गोळी लावून दिली. त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली, जणू ती सरकारी मालमत्ता होती. ऊन चढत गेलं. कुणीतरी म्हशी धूत होतं. मी डोळे मिटून बाभळीला टेकले.

"द्वारके!" त्यांनी एकदम हाक मारली. दोरी ताणलेली, आणि त्यांचा चेहरा असा, की इतक्या वर्षांत मी पाहिला नव्हता. "अगं, हे ओढतंय मला!"

"ओढू द्या," मी म्हटलं. "सोडू नका फक्त."